फॉर्मवरचा तुझा रकाना

अव्वा, विम्याचा एक फॉर्म चार दिवस माझ्या टेबलावर पडलाय आणि त्यात एक रकाना, माझी आई म्हणून, तुझ्यासाठी आहे. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात किंवा किडनीचा आजार झाला होता का, असं त्यात विचारलंय. पुढे दोन चौकटी आहेत, होय आणि नाही. अक्काचा धाकटा दीर हा फॉर्म भरून घ्यायला आला होता, तो हल्ली विमा विकतो. त्याने स्वतःच्या पेनाने 'नाही'वर खूण केली. मी समोर बसले होते आणि मी गप्प राहिले. माझ्या बोलण्याची तक्रार आजवर पुष्कळांनी केली आहे, गप्प बसण्याची कुणाला करावी लागली नव्हती.

हा विमा कसला ते तुला सांगते, म्हणजे मलाही पुन्हा एकदा नीट कळेल. दवाखान्याचं बिल भरणारा विमा आम्हाला आहे. तुझा जावई चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्या कारखान्याने तो दिलाय. हा त्याहून वेगळा. यात मोठ्या आजारांची यादी असते. त्यातला एखादा आजार झाल्याचं डॉक्टरांनी पक्कं सांगितलं की ठरलेली रक्कम एकदम हातात देतात आणि हिशेब विचारत नाहीत. ती औषधाला लावा, प्रवासाला लावा, नाहीतर अंथरुणावर काढलेल्या महिन्यांच्या किराण्याला लावा. पण अटी आहेत. पहिले तीन महिने काहीच लागू होत नाही. अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असलेला कॅन्सर पुष्कळ विम्यांत धरत नाहीत. आणि आजार कळल्यानंतर काही दिवस, बहुतेक ठिकाणी महिनाभर, माणूस जगावं लागतं, तरच पैसे.

"म्हणजे पंधराव्या दिवशी मेलं तर?" मी विचारलं.

"त्याला जीवन विमा असतो की, ताई. ते दुकान वेगळं," तो म्हणाला. "हा जगणाऱ्यासाठी हाय."

मी त्याला तासभर झोडपलं. उपचार हा हक्क आहे, तो बाजारात मांडायचा माल नाही, हे मी वीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आलेय आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. सरकारने दवाखाने धड चालवावेत, मास्तरांना महिन्याचा पगार द्यावा, मग बघू किती लोक भीती विकत घ्यायला येतात. तो बिचारा चहा गार होईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "मोर्चा काढा की, ताई. कोण नको म्हणतंय? मी बी येतो. पण मोर्चाला जाताना छत्री घेतली तर मोर्चा बाटतो व्हय?"

मला हसू आलं. आणि खरं सांगायचं तर छत्री मलाही हवी होती. कारण मी कॉलेजात तासिकेवर शिकवते. वर्गात उभी राहिले तर तासाचे पैसे, नाहीतर नाही. भाषणांचं मानधन म्हणजे शाल आणि नारळ, क्वचित पाकीट. पोरगी बारावीला आहे. दवाखान्याचं बिल कारखान्याचा विमा भरेल, पण सहा महिने माझा आवाज बंद पडला तर निम्मं घर बंद पडतं. ज्याच्याकडे वर्ष-दोन वर्षं बसून खाण्याइतकी शिल्लक आहे किंवा ज्याची नोकरी आजारपणातही पगार देते, त्याने हा विमा नाही घेतला तरी चालेल, असं तोच म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं तसं हाय का? नसलं तर घ्या." एवढ्या सरळ युक्तिवादाने मी आजवर कुठली सभा जिंकलेली नाही.

"एक मात्र करा," फॉर्म उघडताना तो म्हणाला. "काय बी लपवू नका. बीपी असंल तर सांगा, ऑपरेशन झालं असंल तर सांगा. हप्ता थोडा वाढंल, तपासण्या करायला लावतील, लई झालं तर नको म्हणतील. पण लपवलं आणि मागून निघालं, तर ऐन गरजेला हात वर करतात. मग मला शिव्या देऊ नका." हे सांगून तो तुझ्या रकान्यापाशी आला आणि मला न विचारताच म्हणाला, "वहिनींची आई काविळीनं गेल्या. कावीळ ह्या यादीत न्हाय." आणि खूण केली. मग सहज, पान उलटता उलटता म्हणाला, "तुमच्या भाषणात ऐकलंय की मी, त्यांच्या हाताचं. आमची आई लई रडायची ते ऐकून."

सोलापुरात, भवानी पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात मी आठवीत आहे. तू चुलीपुढे बसून कडक भाकरी थापतेस, दोन खानावळी आणि एक दुकान तुझ्या भाकरीवर आहे. एरवी तुझी भाकरी ताटाएवढी आणि कागदाएवढी पातळ. त्या हिवाळ्यात ती लहान आणि जाड व्हायला लागली. दुकानदाराने कुरकुर केली तेव्हा तू पिठाला दोष दिलास. मी मात्र बघत होते की तू उजवा हात परातीवर नुसता ठेवतेस आणि थापतेस डाव्याने. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला होता. त्या हातात कासाराकडून दोन मापं मोठ्या बांगड्या भरून आणल्या होत्यास आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली होतीस. छातीतली गाठ तू आधी अप्पांपासूनही लपवलीस. मला कळलं, कारण एक दिवस पाठ चोळायला तू मला बोलावलंस आणि मी पुढून बघितलं. तू माझं मनगट धरलंस. "सुम्म इरु," म्हणालीस. गप राहा. "अक्काचं ठरू दे. मग जाऊ दवाखान्यात."

अक्काला बघायला मंद्रूपचे लोक रविवारी आले. अक्का तिखट घातलेले पोहे घेऊन बाहेर गेली आणि तू दाराआड बसलीस. तरी त्या बाईने, अक्काच्या होणाऱ्या सासूने, आत डोकावून बघितलंच. "हात का ओ असा?" तिने विचारलं. "एका हातात एका मापाच्या बांगड्या, दुसऱ्यात दुसऱ्या?" अप्पा जमिनीकडे बघत होते. तू हातावर पदर ओढलास. आणि मी बोलले. जिल्ह्याची वक्तृत्वाची ढाल त्याच महिन्यात आणली होती मी. मी म्हणाले, हा हात आजारी नाही, हा हात दमलेला आहे. वीस वर्षं या हाताने पहाटेपासून भाकरी थापल्या, त्यावर आम्ही शिकलो. डॉक्टर म्हणाले की याला औषध नको, विश्रांती पाहिजे, आणि माझी अव्वा म्हणाली, लेकीचं लग्न झाल्यावर घेईन. अजून बरंच बोलले. ती बाई डोळे पुसायला लागली. "असल्या आईची लेक आमच्या घरात यायला पायजे," म्हणाली, आणि सुपारी फुटली.

ते गेल्यावर तू मला जवळ घेतलंस. मला वाटलं होतं, शाबासकी देशील नाहीतर एक ठेवून देशील. तू म्हणालीस, "मला सुद्धा खरं वाटलं की गं."

लग्न चार महिन्यांनी झालं आणि दवाखान्यात तुला त्याच्यानंतर नेलं. मोठ्या डॉक्टरांनी अप्पांना विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" शेवटी ते यकृतापर्यंत पोचलं आणि तुझे डोळे पिवळे झाले, त्यामुळे कावीळ सांगायला सोपं गेलं. कॅन्सर हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारला नाही. आईला झालाय म्हणजे लेकीला होणार, असं लोक म्हणतील ही भीती होती. याच भीतीला मी पुढे व्यासपीठावरून अडाणीपणा म्हणत आले. आता तोच प्रश्न एक कंपनी छापून विचारते. डॉक्टरही पहिल्यांदा हाच विचारतात. प्रत्येक लेकीला होतो असं मुळीच नाही, पण ज्या लेकीला आपल्या आईचं ठाऊक आहे ती वेळेवर तपासून घेते. त्या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. अडाणीपणा आपल्या उत्तरात होता.

आणि मी ते उत्तर विकलं, अव्वा. मोर्चात, गेटसभेत, महिला मेळाव्यात, जिथे टाळी कमी पडेल असं वाटलं तिथे मी तुझा दमलेला हात काढला. किती वेळा काढला ते मोजलेलं नाही. समोर बसलेल्या बायांमध्ये एखादीचा हात तुझ्यासारखा सुजलेला असेल, तर ती माझं भाषण ऐकून विश्रांती घ्यायला घरी गेली असेल.

परवा अक्काला फोन केला. मी खरं लिहिणार आहे, म्हटलं.

तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "माझ्या दिराच्या हातात देणार तू ते?"

"हो."

"लेकीचं बोलणं चाललंय माझ्या. आत्ताच सुचलं तुला? तीस वर्षं गप होतीस की."

"अक्का, तू कधी तपासून घेतलंस का?"

"मला काय धाड भरलीय?"

"अव्वालाही काही झालं नव्हतं. तिने तसंच सांगितलं होतं."

"भाषण करू नको माझ्यापुढं," ती म्हणाली. "विमा काढायचाय ना, दुसऱ्याकडनं काढ. सोलापुरात एजंट काय कमी हायत का? लिही की तिथं काय लिहायचं ते. आमच्या घरात कशाला आणतीस?" आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माझा फोन घेत नाही.

तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे. दुसऱ्या एजंटाकडे खरं लिहून विमा मिळू शकतो आणि मंद्रूपला काही कळणार नाही. दोन दिवस मी याच वाटेकडे बघत होते. पण त्या घरात अक्काची लेक आहे. उद्या तिला कुठल्या डॉक्टरने विचारलं, आजीला काय झालं होतं, तर ती कावीळ सांगेल, आणि ती मी शिकवलेली असेल. विम्यावाचून मी कदाचित निभावून नेईन, कंपनी मला नको म्हणण्याचीही शक्यता आहे. तिच्या उत्तराचं मात्र माझ्याकडे दुसरं काही औषध नाही. अक्का मला माफ करेल का, माहीत नाही. तिच्या जागी मी असते तर केलं नसतं.

सहीसाठी भरलेला फॉर्म ठेवून जाताना, काही चुकलं तर असावा म्हणून अक्काच्या दिराने एक कोराही ठेवला होता. आज दुपारी मी तो घेतला आणि तुझ्या रकान्यात 'होय'वर खूण केली. आजार: स्तनाचा कॅन्सर. हे दोन शब्द मी पहिल्यांदाच लिहिले. उद्या अकरा वाजता तो येईल, तेव्हा तो वाचायच्या आधी मी तोंडाने सांगणार आहे. त्याच्या आईला मी काय सांगितलं होतं, तेही. तुला लिहिलेला हा कागद मात्र माझ्या वहीतच राहील.

'होय'च्या पुढे आणखी एक चौकोन आहे. आजार कळला तेव्हाचं वय. तिथे मी तासभर अडून बसलेय. तू शाळेत गेली नव्हतीस, रेशनकार्डावरचा आकडा अप्पांनी अंदाजाने सांगितलेला. अक्काला विचारलं असतं, ती फोन घेत नाही. तुझ्यावर मी इतकी वर्षं बोलले, अव्वा, आणि तुझं वय किती होतं ते मला माहीत नाही. तू असताना मी कधी विचारलंच नाही.