शेऱ्याचा रकाना

सक्करदरा, नागपूर
मंगळवार, ३ मे १९८८

चि. चारुशीला हिले आत्याचा जय भीम.

कोणी सांगितलं होतं वं तुले शेरा लिहायले? मी काडीवर कणकेचे सरगुंडे वळून राहिली होती, तू बाजूले वही घेऊन बसली अन् म्हणाली, आत्या, क्लासचा अभ्यास आहे, खऱ्या धंद्याच्या ऑर्डरी कॉम्प्युटरमंधी भरायच्या आहेत, तुझ्याच भरू काय? मी म्हटलं भर. गिऱ्हाइकाचं नाव, माल कोणता, किती किलो, कोणत्या तारखेले. एवढं पुरं होतं. त्याच्या बाजूले आणखी एक रकाना कायले पाह्यजे होता? काडीवर हात चालवता चालवता मी जे बडबडली, ते सारं तू त्यात भरून टाकलं. माणूस काम करताना बोलते. ते काय लिहून ठेवायचं असते?

तुझी तब्येत बरी असंल. पुण्यात ऊन कमी आहे म्हणतात. इथं सकाळी टाकलेल्या कुरड्या दुपारपर्यंत कडक होऊन राहिल्या. तुझ्या बापाले, देवरावले, सावनेरच्या खदानीत दिवसपाळी मिळाली. या पत्राचं त्याले काही कळवू नको. आधी पुरं वाच, मंग जे बोलायचं ते मलेच बोल. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, हे पत्र लिहायले मले सारी दुपार लागून राहिली. म्हणून मधीच फेकून देऊ नको.

तर झालं असं. एक मेले, रविवारी, तुझ्या क्लासमंधी कार्यक्रम होता. कृष्णकांत सर स्वतः घरी आले बोलवायले. म्हणाले, "बाई, तुमच्या भाचीचा प्रोग्राम साऱ्यात चांगला झाला. तोच लोकांना दाखवतो. ऑर्डरी तुमच्या, म्हणजे मालकीण तुम्ही. पुढच्या खुर्चीवर बसायचं." मले मालकीण कोणी म्हटलं नव्हतं. मी हिरवं लुगडं नेसून गेली. तुले हसू येईल, पण केसाले तेलही लावलं चापून.

खोलीत चाळीसेक माणसं. सर म्हणाले, सक्करदऱ्यातलं कोणतंही नाव सांगा, त्या घरानं बाईकडे काय सांगितलं आहे ते मशीन आत्ताच्या आत्ता काढून देईल. एका मास्तरणीनं आपलंच नाव सांगितलं. सरांनी टकटक केलं अन् आलं बाप्पा, उडदाचे पापड दोन किलो, होळीच्या आधी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मले वाटलं, एवढं सारं मी डोक्यात घेऊन फिरत होती, आता हे डबडं घेऊन फिरते.

तेव्हा चंपतराव उठले. क्लासच्या खाली त्यांचं कापडाचं दुकान आहे, तुले ठाऊक आहे. त्यांच्या पोराचं लग्न ठरलं आहे, आपल्या मागच्या गल्लीतल्या कुसुमताईच्या सत्यवतीशी. पंधरा तारखेचं. पुढं धोंड्याचा महिना लागते म्हणून घाईनं धरलं. तर ते हसत हसत म्हणतात, "सर, आमच्या विहीणबाईचं नाव घाला बरं. सापडणार नाही. त्या घरात बाहेरचा दाणा येत नाही. म्हणून तर सोयरीक केली."

मी सरांकडे पाहून मान हलवली, नको नको म्हणून. ते मशीनकडे पाहून राहिले होते.

तू मराठी बोलणं इंग्रजी अक्षरात भरलं आहे. कोणाले पटकन वाचता येईना म्हणून सर स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत होते. "कुसुमताई. रुखवताचा माल. सरगुंडे पाच किलो, मूगवड्या चार किलो, अनारसे एकावन्न. तारीख तेरा मे." अन् त्याच दमात पुढचंही वाचून गेले. "शेरा. मागच्या दारानं नेणार. पोरीनं घरी केलं म्हणून मांडणार. डबे त्यांचेच आणतात, आपलं भांडं चालत नाही. वीस वर्षं आपला हात चालला, नाव नाही चाललं."

वाचून झाल्यावर त्यांले कळलं काय वाचलं ते.

चंपतराव माझ्याकडे वळले. मी कोण, आपली वस्ती कोणती, हे त्यांले सांगायची गरज नव्हती. म्हणाले, "काहो बाई, हे खरं आहे काय?"

मंग कार्यक्रम आटोपला. लोक चहा पिऊन गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी कुसुमताई आली. मागच्या दारानंच आली, डोक्यावर पदर घेऊन. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाटावर बसली. माझा हात धरून रडली. म्हणाली, "पंचफुला, तू वाचवलं मले. हे उपकार मी विसरणार नाही. माझ्या जावांच्या, नणंदांच्या साऱ्या ऑर्डरी तुलेच." मी पाणी विचारलं तर म्हणाली, आताच पिऊन आली.

आता वाचवलं म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं आहे. मी दुसरीकडे दुसरीकडे लिहून राहिली हे तुले समजलं असंल. तू काही भोळी नाही.

मी खुर्चीवरून उठली अन् साऱ्यांसमोर म्हटलं, "खोटं आहे. पोरीनं अभ्यासासाठी काही नावं मनानं भरली. या घरचं मी कधी काही केलं नाही." चंपतराव हसले, म्हणाले, मले वाटलंच. बाकीचेही हसले. कोणी मागून म्हणालं, आजकालच्या पोट्ट्या, मार्कासाठी काहीही करतात. ते मी ऐकलं. खाली बसून चहा घेतला.

सर नाही हसले. काल सकाळी कागद घेऊन आले. म्हणाले, "बाई, अभ्यास खऱ्या ऑर्डरींवर करायचा अशी अट होती. नावं खोटी असतील तर चारुशीलाचं सर्टिफिकेट मला देता येणार नाही. मला तर खरीच वाटतात. तुम्ही खरी आहेत म्हणा, मी हा कागद इथंच फाडतो. पण मग चंपतरावांनी मला विचारलं, तर मीही खोटं बोलणार नाही."

नावं खोटी आहेत म्हणून मी सही केली. तुझ्या पुण्याच्या ऑफिसात वीस तारखेच्या आत सर्टिफिकेट दाखवायचं आहे, नाहीतर तुले ठेवणार नाही, हे मले माहीत होतं. माहीत असून केली. सही करून लगेच पेन परत दिला, हेही लिहून टाकते.

तू म्हणशील, काहून केलं? सत्यवतीचं लग्न मोडलं असतं, हे एक सांगता येईल. अशीच मागच्या दारानं माल नेणारी माझी बारा घरं तुटली असती, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. पण चंपतरावांनी विचारलं तेव्हा मी एवढा विचार केलाच नाही. मी भेली, चारू. दीक्षा घेतली तेव्हा मी तेरा वर्षांची होती, तुझ्या आज्याचं, आबाचं बोट धरून पांढरं लुगडं नेसून उभी होती. त्या दिवसापासून आबा आमच्या घरात एकच गोष्ट सांगत राहिला, कोणासमोर मान खाली घालायची नाही. नाही घातली. नळावर भांडली, राशनच्या दुकानात भांडली. अन् तिथं, पुढच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा, माझ्याच हातचं मी नाही म्हणून सांगितलं. वरून तुले खोटी पाडलं.

काल दुपारी सत्यवती आली. समोरच्या दारानं, भर उन्हात, डोक्यावर काही नाही. मी म्हटलं, "पोट्टे, कोणी पाहील." ती म्हणाली, "पाहू द्या. बाई, खरं सांगून टाका. मोडलं तर मोडलं. सरगुंडे मी केले म्हणून तिथं जन्मभर मिरवायचं, अन् सासूनं एक दिवस म्हटलं करून दाखव, तर काय करू?" मी तिले रागावून घालवली. एकवीस वर्षांची पोट्टी, तोंडानं बोलायले काय लागते? मोडलं म्हणजे मंग कोण करते तिले? तिची आई तर विहिरीच्या काठावर जाऊन बसंल. पण ती मनातलं बोलली का उन्हात डोकं तापलं म्हणून बोलली, ते मले समजलं नाही. रात्रभर तेच.

आता नीट ऐक. सर माझा कागद बारा तारखेपर्यंत आपल्याजवळ ठेवणार आहेत. त्या दिवशी साऱ्या पोरींचे कागद वर पाठवतात. त्याच्या आधी मी जाऊन "नावं खरी आहेत" म्हटलं, तर तुझं सर्टिफिकेट निघते, अन् चंपतरावांच्या कानावर ते संध्याकाळच्या आत जाते. नाही म्हटलं, तर तेरा तारखेले कुसुमताईची मोलकरीण डबे घेऊन मागच्या दारात येते, लग्न होते, अन् तू खोट्या नावांची पोरगी म्हणून घरी परत येते.

एकदा तुले विचारल्याबिगर बोलली. दुसऱ्यांदा बोलणार नाही. पण "आत्या, तुले जसं वाटंल तसं कर" असं मले लिहिजो नको. ते मले चालणार नाही. रागानं लिही, शिव्या घाल, पण खरं सांगू काय, ते हो लिही का नाही लिही. अकरा तारखेले, बुधवारी, दुपारच्या टपालानं तुझं पत्र माझ्या हातात पाह्यजे. बुधवारीच. गुरुवार उशीर होईल.

साऱ्यांसमोर तुले खोटी म्हणणारी,
तुझी आत्या
पंचफुला