हिरव्या दिव्याखालचं पाणी

सोमवार, ४ मार्च
रुजू झाले एकदाची. सहा वर्षं घरी बसल्यावर आज पुन्हा अंगात पांढरा कोट चढला. खांद्यांना जरा घट्टच होतो, असो. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे, भिंतीलगत काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर हिरवा दिवा. प्रमुख मॅडमनी चहा पिता पिता काम समजावलं. पाण्यात रेणूंच्या सुट्या कड्या विरघळवायच्या. उजेड पडला की त्या जुळत जाऊन पॉलिमरची साखळी वाढते, दिवा घालवला की थांबते. पुन्हा लावला की थांबली तिथून पुढे. साखळ्या मरत नाहीत, नुसत्या झोपतात, असं त्या लेकराबद्दल बोलावं तशा म्हणाल्या. घरी लेकीला, ठमीला, हे सांगितलं, तर त्यांना अंगाई कोण म्हणतं, असं तिने विचारलं. ह्यांना हसू आवरेना.

मंगळवार, १२ मार्च
आज एका बाटलीत कड्या घालायलाच विसरले. नुसतं पाणी, आधीच्या बाटलीतले दोन थेंब आणि दिवा. तरी तासाभरात ते खळीसारखं दाटलं. माझं बोट कापलं होतं, रक्ताचा एखादा थेंब पडला असेल, तेवढाच. मॅडमनी बाटली बराच वेळ न्याहाळली आणि हे नोंदवहीत लिहू नकोस म्हणाल्या.

गुरुवार, १४ मार्च
तीच बाटली तडकली. शिंतोडे थेट डाव्या डोळ्यात. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धरला. साधं पाणीच समज, म्हणत मॅडमनी रुमालाने माझा चेहरा पुसला. मग त्याच रुमालाने स्वतःचा घाम टिपला.

रविवार, १७ मार्च
अंगणात कपडे वाळत घालताना डोळ्यावर साय धरली. घरात येऊन डोळा झाकला, थांबलं. बाहेर गेले, पुन्हा सुरू. पापणीखालून धागा ओढला. वीतभर निघाला. तुटला, संपला नाही.

मंगळवार, १९ मार्च
डॉक्टरांनी तपासायला प्रखर उजेड टाकला. डावा डोळा तिथेच गेला. मॅडमना फोन केला, तो त्यांच्या भावाने उचलला. ताई चार दिवस अंधाऱ्या खोलीत आहे, दार उघडत नाही, म्हणाला.

बुधवार
मीही कोंडून घेतलंय. खिडकीला चादरी. कागद चाचपत लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. ह्यांना वाटतं माझं डोकं फिरलंय. दुपारी ठमी चाचपडत आली, माझे गाल पुसले. मी रडत होते. मग तिने त्याच हातांनी स्वतःचे डोळे — रुमाल. तो रुमाल मला तेव्हा का नाही आठवला —

गुरुवार
ठमीला उजेड टोचतो. ह्यांच्या पाया पडले, तिला अंधारात ठेवा म्हणून. पोरीला तुझ्या वेडात ओढू नकोस, म्हणाले.

शुक्रवार
तिला उन्हात नेलंय. उघड्यावर बरं वाटेल म्हणे. भर दुपारी —

ओरडले. ऐकत नाहीत.

आई, काही दिसत नाही, म्हणतेय.

उजवा डोळा अजून शाबूत आहे, पण रडून पुसताना त्यातही ते गेलं असणार. उन्हात किती टिकेल — दहा पावलं आहेत. तिला चादरीत गुंडाळून आत आणेपर्यंत टिकला तरी खूप —

कडी काढतेय. ठमे, डोळे घट्ट मिट, मी आ