दुर्बिणींमधलं अंतर

डोणगाव

प्रिय निशिगंधा,

अनेक आशीर्वाद. सरपंच भगवानरावांनी बसस्टँडवर फ्लेक्स लावलंय: ‘डोणगावची कन्या संशोधनासाठी नेदरलँडला’. त्यात त्यांचा फोटो तुझ्याहून मोठा आहे. तू फोनवर ‘अजून ठरलं नाही’ म्हणतेस. पण आपल्याकडे फ्लेक्स लागलं की ठरलंच. शास्त्राद्रूढिर्बलीयसी.

निजामभाई रोज संध्याकाळी शेजारून जेवायला येतात. भाजी खुर्शीदाभाभींची, भाकरी माझी; तिला अजून गोल व्हायची घाई नाही. काल त्यांना तुझं क्वेसार समजावलं. दूरच्या आकाशगंगेच्या पोटात एक कृष्णविवर वायू गिळत बसलंय, त्याचा हा झगमगाट; त्याच्या रेडिओलहरी निघाल्या तेव्हा पृथ्वीही नव्हती. ते म्हणाले, “मंग आता ते हाय का नाही, कोनाले मालूम?” शंका रास्त आहे, नोंदवून ठेव. मग विचारलं, एवढ्या लांबचं बारीक पाहाले दुर्बीण केवढी लागत असंन? मी तुझंच ऐकवलं: एक पुरत नाही. देशोदेशीच्या दुर्बिणी एकाच वेळी तिकडे बघतात, मग सगळ्यांच्या नोंदी जुळवतात. दुर्बिणी एकमेकींपासून जितक्या लांब, चित्र तितकं रेखीव. साऱ्या एकाच वावरात रोवल्या, तर नुसता ठिपका दिसेल. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, “मंग पोरगी पुण्यातच काऊन बसून राह्यली बे मास्तर?” इतकी वर्षं पोरांकडून शब्दरूपं घोकून घेतली, आणि या प्रश्नावर मी त्यांना नुसती आणखी एक भाकरी वाढली.

उत्तर मला ठाऊक होतं. काजलनं सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस, मैत्रीण म्हणूनच बोलली. तू नकार लिहून ठेवलायस, महिनाअखेर पाठवणार आहेस, आणि कारण मी. तुझी आई गेल्यापासून रोज फोनवर माझं ताट तपासतेस, ते गोड वाटतं. घर मोठं वाटतं, हेही खरं; पण ते तू पुण्यात असतानाही वाटतंच. माझ्यासाठी थांबलीस, तर मात्र मला घास गिळवणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय: होकार पाठव. मी पासपोर्ट काढलाय. चौकशीला आलेल्या पोलिसाला निजामभाईंनी माझ्या चारित्र्याची ग्वाही दिली, जरा विचार करून. मे महिन्यात येईन. तिथे ज्वारीचं पीठ मिळतं का, तेवढं जाऊन बघ.

तुझाच,
बाबा