थिरथिरा आला आहे

अब्बा, थिरथिरा आला आहे, आपलं हिवाळ्यातलं पाखरू. नदीपलीकडच्या बागेत, त्याच बुटक्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो आहे. बुधवार पेठेतलं तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद असे, त्या दिवशी तुम्ही मला तिथे न्यायचात. अजून डोळ्यांसमोर आहे, मी फ्रॉकच्या खिशातले शेंगदाणे खाते आहे आणि तुम्ही मान न वळवता म्हणता, "गिरणी बंद कर. पाहुणा हिमालयातून आलाय तो तुझं खाणं ऐकायला नाही." मग स्वतःच मूठभर मागून घेता. उन्हाळा लागला की भिंत रिकामी व्हायची. एकदा मी रडले, तर म्हणालात, जाणाऱ्याला धरून ठेवू नये, बेटा.

त्याच तुम्ही शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात माझा हात घट्ट धरून म्हणालात, अम्मीला सोडून जाऊ नकोस. मी हो म्हटलं. आता माझे केस पिकलेत. बंगळूरची नोकरी नाकारली, नगरहून आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं, आणि आहे तिथेच आहे, कर्वेनगरच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी अम्मी विचारते, आज भाजी कोणती करू, आणि माझा जीव गुदमरतो. भाजीचा बिचारीचा काय दोष? राग तुमचा येतो. पाखरांना मोकळीक दिलीत, लेकीला शब्दात अडकवलंत आणि स्वतः सुटलात.

काल अम्मीला बागेत घेऊन गेले होते. थिरथिरा भुर्रकन उडाला, तशी ती आपणहूनच बोलू लागली. साताऱ्याची बहीण किती वर्षं बोलावते आहे, तिथे अंगण आहे, शेळ्या आहेत, तिथेच जाऊन राहायचं फार मनात होतं. मग गेली का नाहीस, मी जरा तुसडेपणानेच विचारलं. तिने माझ्या ओढणीवर पडलेलं पान उचललं.

"कशी जाणार? तुझ्या अब्बांनी दवाखान्यात शब्द घेतला होता ना माझ्याकडून. पोरीला एकटं सोडू नकोस म्हणाले."

घरी येऊन तिने गवार केली, मी जेवले. तोच शब्द तुम्ही माझ्याकडूनही घेतला होता, एवढं मी तिला बागेतच सांगितलं असतं तर दोघीही तिथल्या तिथे मोकळ्या झालो असतो. हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून आता फाडणार आहे. कळलं तर ती उद्याच पिशवी भरेल, आणि मला एकटीला राहता येत नाही, अब्बा.