बार्लीचं सत्त्व

अल मजाज, शारजा
४ फेब्रुवारी २०२४

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण लगूनच्या काठावरची फेरी चुकत नाही.

हे पत्र शुभ्रा हाती देईल. ऑफिसच्या कामाला ती तिकडे येतेच आहे, म्हणून बहिणीलाच पोस्टमन केलं. फोनवर हे बोलायची माझी छाती नाही. हल्ली लिफ्ट वाजली तरी दचकते मी.

मी घरात बिअर केली. हसू नकोस. शारजात, जिथे साधी बाटली बाळगायचीही बंदी, तिथे तुझ्या आईने स्वयंपाकघरात बिअर केली.

तू नोकरी सोडून बिअरच्या कारखान्यात गेलास, तेव्हा बाबा म्हणाले, "भट्टीवाला माझा मुलगा नाही." तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही, आणि मधल्यामध्ये माझा जीव जातो. गेल्या महिन्यात तुझा व्हिडिओ पाहिला, अमेरिकन अँबर एल नावाच्या तांबूस बिअरचा. बार्ली भिजवा, मोड आणा, वाळवा, भाजा. अरे, हे तर नाचणीचं सत्त्व! तू बाळ असताना हेच भरवलं तुला. एवढ्यासाठी बापलेकांचा अबोला? असा संताप आला, उठले आणि बार्ली भिजत घातली.

मोड आलेले दाणे वाळवून भाजणीसारखे तांबूस भाजले, भरडून गरम पाण्यात मुरवले, पाणी गाळून बरणीत भरलं. हॉप्सची कडू सुकी फुलं शुभ्राने आणून दिली, कशाला ते न विचारता. यीस्ट पावाचं. मग सवयीने घात केला. थंडीत इडलीचं पीठ ठेवते तशी बरणी ब्लँकेटात गुंडाळली, वर वास सुटू नये म्हणून झाकण गच्च आवळलं. आणि मग चैन कसली! येता-जाता कपाटाला नाक लावायचं, खिडक्या उघडायच्या, पुन्हा लावायच्या. बाबा म्हणाले, "तुला झालंय तरी काय?"

शुक्रवारी सकाळी बरणी फुटली. बाबा धावत आले. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात वॉचमन दौलत.

"साब, क्या फटा? पूरे फ्लोर पे बास आ रही है."

नोकरी, व्हिसा, सगळंच जाणार होतं.

"इडली का आटा, दौलतभाई," बाबा म्हणाले. "मॅडम ने ढक्कन टाइट कर दिया. खलास."

दौलत हसत गेला. दार लावून बाबा दुखऱ्या गुडघ्यावर बसले आणि फरशी पुसू लागले. मला हात लावू देईनात. पुसता पुसता थांबले, बरणीच्या तळाशी उरलेल्यात बोट बुडवून चाटलं.

"कडू आहे," म्हणाले. मग फडका पिळत, "निखिलचीही अशीच असते?"

किती वर्षांनी ऐकलं रे ते नाव त्यांच्या तोंडून!

"इथे पुन्हा असलं काही करायचं नाही," ते उठत म्हणाले. "प्यायचीच, तर त्याच्याकडे जाऊन."

आत्ता हे लिहितेय तर हॉलमधून विचारताहेत, तिकडे एप्रिलमध्ये स्वेटर लागतो का.

मला ठाऊक नाही. तू सांग. पण मला नको, फोन त्यांना कर.

तुझी वाट पाहणारे,
आई आणि बाबा