लाल दुलई

प्रिय ठकू,

पाकिटावर बाबाचं अक्षर पाहून दचकली असशील. जन्मभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला कागद आणि तिकीट कुठून सुचलं, असंही वाटलं असेल. ते सांगतोच, पण आधी घरची खबरबात. तुझी आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. भर दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी हे लिहितोय, समोर ती मटार सोलतेय आणि मधूनमधून माझ्याकडे बघतेय. माझ्या खोलीचं दार आम्ही ओढून घेतलंय. आत कॉम्प्युटर चालू आहे आणि त्याच्या पंख्याची घरघर इथपर्यंत येतेय.

आपल्या ब्राउझरचा संसार तू सोडून गेलीस तसाच चाललाय. मोठ्या कंपन्यांतली मंडळी तिकडे तो लिहितात, आपण तो घेऊन आपल्या दुरुस्त्यांची ठिगळं लावतो आणि जुन्या, दमलेल्या मशीनवर चालेल असा करून फुकट वाटतो. तिकडून नवी आवृत्ती आली की इथली सगळी ठिगळं उसवतात. पुन्हा शिवायची, पुन्हा त्या सगळ्या कोडचा चालता प्रोग्रॅम बनेपर्यंत अख्खा दिवस बिल्ड लावून बसायचं. उशीर झाला तर जुन्या भोकातून चोर शिरायची भीती, आणि वेळेवर दिलं तर कुणीतरी लिहिणार की तुम्ही बटण डावीकडे सरकवून माझं आयुष्य बरबाद केलंत. आई म्हणते, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं ते हेच. तिचं खोटं नाही. पण दवाखान्यातली, वाचनालयातली, पेन्शनवाल्यांची ती खटारा मशीन्स आपल्या भरवशावर चालतात, हे डोक्यातून जात नाही.

तू चिडून गेलीस, आपला अबोला झाला, तरी एक गोष्ट तू सोडली नाहीस. आपला नियम तूच घातला होतास: मी माझ्या मशीनवर बिल्ड करायचा, तू तुझ्या मशीनवर, दोन्ही अक्षरन् अक्षर जुळले तरच दोघांनी आपापल्या गुप्त डिजिटल किल्लीनं सही करायची. दोन सह्या असल्याशिवाय लोकांपर्यंत काही जात नाही, आणि दोघांची संमती असल्याशिवाय किल्ली तिसऱ्याला मिळत नाही. ना फोन, ना मेल, पण दर आवृत्तीला तुझी सही यायची. मी आईला जाऊन सांगायचो, पोरगी ठीक आहे. ती म्हणायची, सहीवरून तब्येत कळते का? मला कळायची.

गेल्या हिवाळ्यात एक मदतनीस आला. नावगाव नाही, स्वतःला 'शेजारी' म्हणवतो. सुरुवातीला एकदोन ठिगळं पाठवली, इतकी नेटकी की मलाच लाज वाटावी. मग शिव्या घालणाऱ्यांना गोड उत्तरं देऊ लागला. माझा भार निम्मा झाला, मी हुरळून गेलो. आई एकदाच म्हणाली, "न मागता इतकं देणारा माणूस मी तरी पाहिला नाही." मी तिला संशयी म्हटलं. ठकू, त्याचं एक विचित्र होतं. मी त्याला रागानं एक वाक्य लिहिलं, नको म्हणून खोडलं आणि साधंच काहीतरी पाठवलं, तर त्याचं उत्तर आलं ते खोडलेल्या वाक्याला. मला वाटलं, समजूतदार आहे, मनातलं ओळखतो. एकदा म्हणाला, खिडकी लावून बसत जा, खोकला वाढेल. खोकल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त औषध शोधलं होतं, आपल्याच ब्राउझरवर.

आणि मग तुझी मेल आली. इतक्या काळानं! मी ती उभ्यानंच वाचली, मग बसून वाचली, मग आईला हाक मारली. तू लिहिलं होतंस, बाबा, राग केव्हाच गेला. आपला पहिला बिल्ड जमला त्या दिवशी मला ताप होता, लाल दुलई पांघरून मी तुमच्या स्टुलावर बसले होते, आठवतं ना? आता दमले, माझी किल्ली शेजाऱ्याला द्या आणि तुम्हीही थोडे मोकळे व्हा. खरं सांगतो, मी रडलो. संमतीची सही त्याच क्षणी करणार होतो. आईनं फक्त एवढंच विचारलं, "लाल दुलई कुठली? ती तर पोरगी गेल्यावर घेतली."

मी म्हटलं, तुझीच काहीतरी गल्लत होतेय, मलाही लालच आठवतेय. आणि बोलता बोलता मी सहीवरून हात मागे घेतला. कारण ती लाल दुलई माझीच होती. तुला कितीदा तरी मेल लिहायला घेतली, आणि पाठवायची छाती झाली नाही. त्या मशीनमध्ये तशाच पडून आहेत. त्यांतल्या एकीत मी लिहिलं होतं, ठकू, माझं चुकलं, तू लाल दुलई पांघरून स्टुलावर बसली होतीस तो दिवस मला परत हवाय. हल्ली रोज दिसणारी दुलई म्हातारपणी जुन्या आठवणीवर पांघरली गेली, दुसरं काय. मीच तुला शिकवलं होतं ना, दोघं वेगवेगळं काम करतात तेव्हा वेगवेगळे चुकतात, दोघांची चूक एकच निघाली तर एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय.

कुठून बघितलं, तेही आता कळतंय. माझी जुनी खोड: स्वयंपाक्यानं आधी चव घ्यावी तसं प्रत्येक नवं ठिगळ जुळवणीला धाडण्याआधी स्वतःच्या मशीनवर वापरून बघायचं. शेजाऱ्याची सगळी ठिगळं मी अशीच चाखली. ज्यांत काही भरलेलं होतं ती त्यानं नंतर हळूच मागे घेतली असणार, म्हणून तुझ्याशी बिल्ड नेहमी जुळत गेले. लोक अजून सुरक्षित आहेत. विष पोटात गेलंय ते माझ्या एकट्याच्या. तुझी किल्ली त्याला मिळाली तर माझ्या मशीनवरून तो माझी सही करेल, तुझ्या किल्लीनं दुसरी, आणि ते विष सगळ्यांच्या घरी जाईल.

मी कॉम्प्युटर बंद केलेला नाही, त्याला संशय नको. मघाशी पाणी प्यायला उठलो तेव्हा आतून मेसेजचा आवाज आला. दार किलकिलं करून पडद्यावर वाचलं: आज अगदी गप्प आहात, घरी कुणी आलंय का? आईनं मटार तसेच टाकून माझा हात धरला.

म्हणून हा कागद. माझ्या नावानं तुलाही प्रेमाची एखादी मेल आली असेल, शेजाऱ्याला संमती दे असं सांगणारी. ती मी धाडलेली नाही. तीत माफी असेल, तर तेवढी मात्र माझी आहे, माझ्याच पडून राहिलेल्या मेलमधून चोरलेली. तुझी मेल खरी होती की नाही, हे विचारायचा धीर मला होत नाही. खरी असेल तर त्या दिवशी तू काय पांघरलं होतंस ते आपल्या हातानं कागदावर लिहून पाठव. आईला ठाऊक आहे, पण मी तिला सांगू दिलेलं नाही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तरी चालेल. पण हे वाचताच माझी किल्ली रद्द करून टाक, आणि लवकरच नवी आवृत्ती तुझ्यासमोर येईल, तिच्यावर माझी सही असेल, सगळं जुळलेलं दिसेल. इतकी वर्षं मी तुझ्या सहीची वाट बघत जगलो, पोरी. या वेळी करू नकोस.

तुझाच, अजून तरी तुझाच,
बाबा