मी धरलेली पिशवी

रविवार, २० एप्रिल १९६९. बालीगंज.

वसंत ऋतूची कविता एका सुरात म्हणणारा आमचा अख्खा वर्ग आज पुन्हा कानात घुमला. पंधरा दिवसांपूर्वी कालिंपाँगच्या रानात फांदीवर पांढरं ऑर्किड दिसलं, तेव्हा तीच कविता ओठांवर आली होती. तेवढ्यात सहलीला सोबत आलेले, आमच्या खालच्या मजल्यावरचे बर्वे म्हणाले, "मास्तर, कविता पुरे. पिशवी धरा!" चाकूने रोप खरवडून त्यांनी आत टाकलं.

बँकेत मोठा साहेब, पण अक्कल? वाऱ्यावर जगणारं रोप तुपाच्या डब्यात मातीत पुरलंय. वर तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी! कुजेल नाही तर काय? आल्यागेल्याला ऐकवतात, "हिमालय आणलाय घरी." असल्या माणसाला फूल दिसतच नाही, आपण ते आणलं एवढंच दिसतं.

पण पिशवी मीच धरली होती. नाही म्हणता आलं नसतं?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. गुडघ्यांमुळे कधी जिना न चढणाऱ्या बर्वेवहिनी, पदराखाली तो डबा.

"मास्तर, ह्यांना सांगू नका. मरतंय हो हे. तुमच्या खिडकीशी आंब्याची फांदी येते ना, तिथे बांधाल?"